घरी झालं म्हणून लिहिलं

आपरेशनच्या टेबलावर घ्यायच्या आधी त्याहीनं मले नाव विचारलं. माहं नाही. दाईचं.

मी फरशीवर पडली होती. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वार्डात, मोरीच्या बाजूले. अंगाखाली तरट. खिडकीखालची एक खाट रिकामी होती, मी माह्या डोळ्यानं पाहिली. सिस्टर म्हणाली, "असल्या केसला खाट नसते. गादी खराब होते." असली केस! माहं लुगडं कंबरेपासून खाली ओलं चिंब, अन् ते काही पाण्यानं नव्हतं. तापानं दातावर दात वाजून राहिले होते. माह्या नवऱ्याले, कडेवरच्या लेकरासकट, त्याहीनं फाटकाबाहेर काढून दिलं होतं, पण पोलिसाचा एक जमादार मात्र स्टुलावर बसला होता. मांडीवर डायरी, कानावर पेन्सिल. बायकांच्या वार्डात बाप्या माणूस, अन् मी अशी उघडी पडलेली. कोणालेच काही वाटलं नाही.

"नाव सांग," जमादार म्हणाला. "कोन्या दाईनं केलं?"

मी म्हटलं, "पाणी द्या."

"पहले नाव. मंग पानी."

सिस्टर म्हणाली, "नाव सांगितल्याशिवाय तुला आत घ्यायचं नाही. ऑर्डर आहे."

कोणाची ऑर्डर, ते थोड्या वेळानं समजलं. जिची ऑर्डर तीच आली. मान वर करायची ताकद नव्हती, पण चपलेच्या आवाजावरून मी तिले ओळखलं. तीन वर्षं त्या चपला मी पुसल्या होत्या.

आता इथून मले मांगं जाऊन सांगावं लागते. नाही सांगितलं तर तुमाले वाटंन, एका बाईनं पोट पाडलं अन् तिचं व्हायचं ते झालं. तसं नाही. मी सांगते.

ती डॉक्टरीणबाई होती. अकोल्यात तिचा सोताचा दवाखाना होता, खाली खोल्या अन् वर तिचं घर. हप्त्यातून दोन दिवस सरकारी दवाखान्यातही जाय, तिथं तिचा शब्द चाले. मोठी हुशार बाई, हे कबूल करावंच लागते. तिच्या दवाखान्यात मी आया होती. आमच्या घरी दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. देव्हाऱ्यातले सगळे देव आमी नदीत सोडून आलो होतो. कामावर लागली त्याच दिवशी डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कोण तुम्ही?" मी छाती काढून म्हटलं, "बौद्ध." ती हसली. म्हणाली, "अस्सं. म्हणजे आता हे म्हणायचं का? बरं, ती बादली उचल."

बस. माह्या दीक्षेचं तिच्या लेखी एवढंच झालं. माह्यासाठी जर्मनचा गिलास होता, मोरीच्या कोनाड्यात. पेशंटच्या घरचे च्या करून आणत, तो कप मी उचलून दिलेला त्याहीले चाले नाही. पण त्याहीच्या बाईच्या अंगाखालचं सगळं मी काढे, ते चाले. हे काय गणित आहे ते मले आजपर्यंत कोणी समजावून सांगितलं नाही.

तिथं बाया येत. बाळंतपणाच्या येत, तशा दुसऱ्याही येत. वकिलाची, मास्तराची, पुजाऱ्याची, बँकेतल्या साहेबाची. अमरावतीच्या बाया अकोल्याले येत अन् अकोल्याच्या अमरावतीले जात. आपल्या गावात कोणी हे करत नव्हतं. दिवस चढले का दीड-दोन महिन्याच्या आतच येत, कारण त्याहीले माहीत होतं का लवकर आलं तर सोपं असते. गाडीतून उतरून सरळ मागच्या खोलीत. क्लोरोफॉर्म देत. अर्ध्या तासात सगळं होऊन जाय. मंग गरम दूध, उशाले गरम पाण्याची पिशवी, संध्याकाळी गाडी हजर. त्या कामाले तिथं कोणी पोट पाडणं म्हणे नाही. "पिशवी साफ केली" म्हणत. कोणाच्या तोंडात पाप नाही का कायदा नाही. बादली मी मागच्या अंगणात नेऊन पुरे. झाडूवाल्याले नाही देत, तो बाहेर बोलंन म्हणून. मी बोलत नाही असं डॉक्टरीणबाईले वाटे. खरं म्हणजे मले कोणी कधी काही विचारतच नव्हतं.

एक दिवस तिनं विचारलं. आवाज इतका गोड का मी चमकलीच. "तुझ्या नात्यात कुणी दाई आहे का गं?"

मले काय आनंद झाला, काय सांगू! म्हटलं, "हाव ना बाई. माही मावशी हाये. तेल्हाऱ्याकडं." अन् मी सुटली. मावशीनं किती लेकरं हातावर घेतली, पाटलाच्या घरची तीनही लेकरं तिच्याच हातावर पडली, आडवं आलेलं लेकरू तिनं कसं सरळ केलं. पाटलाच्या घरून बोलावणं आलं का मावशी मागच्या दारानं जाय, नाळ कापे, अन् ती निघाली का मांगून उंबऱ्यापासून सगळं घर शेणानं सारवून घेत, हे मात्र मी सांगितलं नाही. आपल्याच माणसाचा कमीपणा कायले सांगावं.

"लांब आहे ना पण ते गाव?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"लांब हाये बाई. तेल्हाऱ्याहूनही पायी जा लागते."

"पूर्ण नाव सांग बरं तिचं."

मी सांगितलं. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं. कोणी न मागता सगळं सांगितलं.

पंधरा-वीस दिवसानं मी टेबल पुसून राहिली होती. एक रजिस्टर उघडं होतं. डॉक्टरीणबाईचं रोजचं लिहिणं इंग्रजीत, पण हे रजिस्टर मराठीत होतं, पोलिसानं मागितलं तर दाखवायले. ते माह्यासमोर उघडं ठेवत, कारण मले वाचता येत असंन असं तिच्या मनातही आलं नाही. तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी चौथी पास आहे. वर्गाच्या दारात बसून शिकली, पण शिकली. त्या पानावर मले मावशीचं नाव दिसलं. पूर्ण नाव, गावासकट. पान उलटलं, तिथंही होतं. अजून एका पानावरही होतं. बाजूचं वाचायच्या आधी जिन्यावर चपला वाजल्या अन् मी फडकं फिरवलं.

आता माह्या अकलेची कमाल ऐका. मले वाटलं, मावशीचा मान झाला! तेव्हा सरकार गावोगावच्या दाया बोलावून शिकवे, पेटी दे. मले वाटलं, डॉक्टरीणबाईनं मावशीचं नाव तिथं धाडलं असंन. घरी जाऊन मी नवऱ्याले सांगितलं, "मावशीचं नाव मोठ्या रजिस्टरात चढलं." तोही खूश झाला. इतके आमी भोळे. भोळे नाही, मूर्ख म्हणा.

पुढं एक बाई मेली. अमरावतीच्या एका वकिलाची विधवा बहीण. वय असंन बावीस-तेवीस, माह्याच बरोबरीची. तिले थोडे जास्त दिवस झाले होते. डॉक्टरीणबाई त्या दिवशी घाईत होती अन् काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मले डॉक्टरसारखं सांगता नाही येत, पण रक्त थांबलं नाही हे मी पाहिलं. तिचा हात माह्या हातात होता. तिनं माह्या हातचं पाणी पिलं, जात नाही विचारली. शेवटी मले म्हणाली, "माझं नाव कुणाला सांगू नका हो." माह्यासारखीले अहो-जाहो करणारी तिथं ती एकटीच. दुपार टळून गेली तेव्हा ती गेली. फरशी मीच धुतली.

त्यानंतर डॉक्टरीणबाईचा आवाज चढला. ऊठसूट माह्यावर खेकसे. अन् त्याच दिवसांत माहे दिवस चढले.

माहं धाकटं आठ महिन्याचं, अंगावर पीत होतं. त्याच्या वेळेस मी मरता मरता वाचली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं माह्या नवऱ्याले सांगितलं होतं, "लगेच पुन्हा राहिलं तर ही वाचणार नाही." नवरा कापसाच्या जिनात कामाले. त्यानं हे मनावर घेतलं होतं, सांभाळूनही राहे, पण झालं. महिना चुकला तेव्हा मले पहिल्यांदा थोरलीचं तोंड दिसलं, तीन वर्षांची पोर. मी मेली तर हिच्या डोक्याले तेल कोण लावंन, हेच मनात आलं. मले मरायचं नव्हतं. एवढी सोपी गोष्ट होती.

म्हटलं, आपल्याले काय चिंता? आपण जिथं काम करतो तिथंच तर हे होते.

दुपारी पेशंट गेल्यावर मी डॉक्टरीणबाईसमोर उभी राहिली. शेंदूरजनाघाटाहून कोण्या पेशंटनं संत्र्याची करंडी धाडली होती. ती संत्रं सोलून राहिली होती. मी सगळं सांगितलं. दीड महिना झाला, डॉक्टरनं असं असं सांगितलं, दोन लेकरं आहेत. म्हटलं, "बाई, माही पिशवी साफ करून द्या. कामाचा एक दिवसही नाही पाडणार."

तिनं फोडीची बी तोंडातून काढून बशीत ठेवली. मंग माह्याकडं पाहिलं.

"तुला काय वाटलं, ही धर्मशाळा आहे?"

"बाई, माह्या जिवाले..."

"कायदा माहीत आहे? तुरुंगात जाशील. आणि मलाही नेशील. पाप आहे हे."

माह्या तोंडून निघून गेलं, "मंग त्या बाया येतात त्या?"

ती उठली, माह्याजवळ आली, पण हात लागू नये एवढं अंतर ठेवून. म्हणाली, "त्या चांगल्या घरातल्या पेशंट आहेत. त्यांचे आजार असतात. तुझं आजार नाही, तुझी हौस आहे. तुमच्या लोकांना वर्षाला एक होतं आणि उकिरड्यावर वाढतं. तिसरं झालं तर काय बिघडलं?"

हे मी शब्दाला शब्द सांगून राहिली. माह्या पदरचं एक अक्षर नाही. करून करून भागली अन् देवपूजेला लागली, ते हे असं. तिच्या हातानं किती झाल्या, त्याहीच्या बादल्या मी पुरल्या होत्या, अन् पाप मले शिकवून राहिली होती. रडली मी, तिच्यासमोर रडली, त्याचा राग मले अजूनही आपलाच येते. ती म्हणाली, "साली बाहेर टाक आणि फरशी पूस." मी साली उचलल्या. फरशी पुसली. घरी आली.

दुसऱ्या दिवशी थोरलीले शेजारणीकडं ठेवलं अन् धाकट्याले कडेवर घेऊन तेल्हाऱ्याची मोटर धरली.

मावशी मले पाहून पहिले हसली, मंग माहं तोंड पाहून तिनं धाकट्याले आपल्याकडं घेतलं. मी सांगितलं तशी म्हणाली, "नाई. हे मले सांगू नको. मी जलमाले आनते वं, मारत नाई."

"मावशे, मी मरीन."

"मंग त्या डाक्टरनीकडं काहून नाई गेली? तुही मालकीन हाये ना थे? तिच्याकडं अवजारं हाये, दवाया हाये."

"तिनं हाकलून देल्लं."

मावशीनं चुलीत लाकूड सारलं. मंग उठली, पाणी तापत ठेवलं, हात घासघासून धुतले, नखं काढली. तिनं काय केलं ते मी सांगणार नाही. तिच्याजवळ जे होतं अन् जे माहीत होतं, त्यानं केलं. माहं डोकं मांडीवर घेऊन दोन दिवस बसली. "बस झालं माय, बस झालं," म्हणत राहिली. माह्या लेकराले तिनंच सांभाळलं. कोणी मले हौस म्हटलं नाही, कोणी पाप म्हटलं नाही.

पण घरचं चांगलं होतं, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर खोटं होईन. शेणानं सारवलेली भुई, फाटक्या लुगड्याच्या चिंध्या, उजेड नाही, दवाई नाही. मावशीच्या हातात माया होती, पण मायेनं ताप उतरत नाही. तिसऱ्या दिवशी अंग पेटलं, अन् रक्त थांबे ना. मावशी घाबरली. तिच्या हातावर आजवर अशी केस बिघडली नव्हती, कारण तिनं अशी केस कधी घेतलीच नव्हती. तिनं पाटलाची दमणी, बैलांची हलकी गाडी, मागितली. देल्ली नाही. मंग एका कापसाच्या गाडीवर मले निजवलं अन् तेल्हाऱ्यापर्यंत सोबत आली. मले अन् लेकराले अकोल्याच्या मोटरीत बसवतानी म्हणाली, "माहं नाव सांग लागलं तं सांगजो. जीव वाचव." असं म्हणणारी मावशी होती माही.

अकोल्याले मोटरीवरून कोणी तरी नवऱ्याले बोलावलं, त्यानं मले त्या दवाखान्यात नेलं. तिथं मी मोरीजवळ पडली होती, अन् डॉक्टरीणबाई माह्या डोक्याशी उभी होती.

तिनं मले ओळखलं. एक क्षण तिच्या तोंडावरचा रंग गेला, मी पाहिला. मंग परतही आला. सिस्टरकडं, दोन शिकाऊ पोरींकडं वळून म्हणाली, "बघा. घरी केल्यावर काय होतं ते नीट बघून घ्या. या अडाणी बायका आणि यांच्या दाया." त्या पोरी वाकून पाहू लागल्या. मी लुगडं ओढायले गेली तर सिस्टरनं हात बाजूले केला.

मंग डॉक्टरीणबाई खाली बसली. माह्याजवळ, उकिडवी. तीन वर्षांत ती पहिल्यांदा माह्या इतक्या जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "तेल्हाऱ्याकडच्या तुझ्या त्या मावशीनंच केलं ना? नुसतं हो म्हण. लगेच टेबलावर घेते. क्लोरोफॉर्म देते. ती खिडकीजवळची खाट देते."

मी तोंड भिंतीकडं फिरवलं, तसा जमादार म्हणाला, "अरे ओ बाई, नाव तं आमाले मालूमच हाये. रजिस्टरात हाये. त्या वकिलाच्या बहिनीलेबी तिनंच मारलं. आनखीन कितीक बाया नासवल्या तिनं. तू खाली हाव म्हन, गवाही होऊन जाईन."

तापात माणसाले काही समजत नाही म्हणतात. मले तेव्हाच सगळं समजलं.

डॉक्टरीणबाई हात लावे त्या दर बाईच्या नावापुढं लिहिलेलं होतं, का हिले घरी दाईनं हात लावला, घरीच बिघडलं, मी फक्त जीव वाचवायले साफ केलं. तसं लिहिलं का कायदा तिच्या वाटेले जात नाही. अन् दाई कोण? तेल्हाऱ्याकडची, लांबची, जिले कोणी विचारायले जाणार नाही अशी. ज्या बाया मागच्या खोलीत क्लोरोफॉर्म घेऊन निजल्या अन् गरम दूध पिऊन गाडीत बसून गेल्या, त्या सगळ्या रजिस्टरात माह्या मावशीच्या झोपडीत गेल्या होत्या. मावशीनं त्यातली एक बाई कधी डोळ्यानं पाहिली नाही. वकिलाची बहीण मेली, तिच्या सासरच्याहीनं पोलिसात अर्ज केला, हे मले मागून समजलं, तसं डॉक्टरीणबाईनं ते रजिस्टर काढून दाखवलं. आता फक्त एक साक्षीदार पाहिजे होता. कोणी एक बाई पाहिजे होती, का जी म्हणंन, हाव, ही दाई हे काम करते. अन् मी मोटरीतून उतरून आयतीच तिच्या पायाशी येऊन पडली.

अन् ते नाव तिले देल्लं कोणं? मीच. छाती काढून, बापाच्या अन् नवऱ्याच्या नावासकट.

मी तेव्हा जितकी रडली तितकी कळेनं रडली नाही. "हाव" म्हटलं का मी वाचते, अन् मावशी जेलात जाते, माह्या एकटीसाठी नाही, त्या सगळ्या बायांसाठी, त्या मेलेलीसाठीही. मावशी तर सोताच सांगून गेली होती, नाव सांगजो. मले सुटका होती. अन् मी मरायले भीत होती, मोठी धीराची बाई असल्यासारखं इथं सांगणार नाही. लय भीत होती. थोरलीचं तोंड डोळ्यासमोरून हटे ना.

पण मले त्या बशीतली बी आठवली, अन् "हौस" आठवली, अन् माहं अंग तापानं नाही, संतापानं पेटलं.

म्हटलं, "कोन्या दाईनं नाही केलं. मीच केलं. माहं नाव लिहा."

"खोटं बोलते ही," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"खोटं कोण बोलते, ते तुमाले माहीत हाये बाई. मले वाचता येते."

ती उठून उभी राहिली. पहिल्यांदा तिले माह्या त्या चौथीचा पत्ता लागला. मंग सिस्टरले म्हणाली, "घ्या आत. क्लोरोफॉर्म संपलंय."

संपलं नव्हतं. टेबलावर निजवल्यावर कपाटाच्या काचेतून बाटली दिसत होती, अर्ध्याच्या वर भरलेली. शिकाऊ पोरीनं बाटलीकडं पाहिलं, मंग माह्याकडं, अन् मान खाली घातली. दोघींनी पाय धरले. सिस्टरनं तोंडात कपड्याचा बोळा कोंबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी खरोखरचा खाल्ला आहे. डॉक्टरीणबाई काम करत होती अन् मधी मधी विचारत होती, "सांगतेस नाव? सांगतेस?" तोंडात बोळा अन् विचारून राहिली, सांगतेस? मी मान हलवे, नाही. परत विचारे. परत नाही. मान किती वेळ हलवली ते मले माहीत नाही. शुद्ध हरपेपर्यंत हलवली.

तिचा हात चांगला. मी वाचली. माह्यावर तिचे उपकार आहेत असं कोणी म्हणालं तर त्याच्या तोंडावर थुंकीन.

शुद्ध आली तेव्हा परत तरटावरच होती. जमादारही होता. आता जरा नरम झाला होता, पाणी त्यानंच देल्लं. म्हणाला, "नाव नाई सांगत तं नको सांगू. मंग काय लिहू ते सांग."

मी म्हटलं, "लिहा. ती विधवा बाई घरी नाही मेली. कोण्या दाईनं तिले हात नाही लावला. डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात मेली, मागच्या खोलीत, दुपार टळल्यावर. तिचा हात माह्या हातात होता. रक्त मी धुतलं. बाकीच्या सगळ्या बायांचंही तिथंच झालं. बादल्या मी पुरल्या, जागा दाखवते. चला."

त्यानं पेन्सिल कानावरून काढली होती. ती परत कानावर ठेवली. डायरी मिटली. सिस्टरले म्हणाला, "बुखारात बडबड करून राहिली." अन् उठून गेला.

दुसऱ्या दिवशी माह्या जबाबाचा कागद आला. सिस्टरनं माहा अंगठा धरून शाईत बुडवला. मी म्हटलं, कागद दे, मले वाचायचा आहे. तिले हसू आलं. मी वाचला, मोठ्यानं वाचला, सगळा वार्ड ऐकत होता. "घरी तेल्हारा भागातील दाईकडून" असं लिहिलेलं होतं, अन् पुढं मावशीचं नाव. मी शाईचा अंगठा त्या नावावर घासला, नाव दिसेनासं होईपर्यंत घासला. सिस्टरनं माह्या थोबाडीत मारली. मी त्याच कागदावर खाली लिहिलं, हे खोटे आहे. अन् माहं नाव लिहिलं. मंग माह्या नवऱ्यानं मले खांद्याचा आधार देऊन घरी आणलं.

कामावर मी परत गेली नाही. डॉक्टरीणबाईनं निरोप धाडला होता, "झालं गेलं विसरू, ये." कोणं कोणाले माफ करायचं!

मावशीच्या गावी एक शिपाई दोनदा गेला. साक्षीदार नसल्यानं तिले धरून नेता आलं नाही. चावडीवर बसवून ठेवलं, शिव्या देल्ल्या, अन् पाटलानं तेव्हापासून तिले बाळंतपणाले बोलावणं बंद केलं. मी चालण्यासारखी झाली तशी तिच्याकडं गेली. सगळं सांगितलं. तिचं नाव मीच देल्लं हेही सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "काहून देल्लं वं?"

म्हटलं, "मले तुहा अभिमान होता."

तिनं माह्या पाठीवर हात ठेवला नाही. जवळही घेतलं नाही. "जिची लेकरं मी जलमाले आनली," ती म्हणाली, "थे पाटलीन आता मले पाहून दार लावते. म्हनते, एवढ्या बायाचा जीव घेतला हिनं." अन् उठून घरात गेली. तिनं मले माफ केलं का नाही, मले माहीत नाही. मी तिले विचारलंही नाही.

ते रजिस्टर अजून कुठं तरी असंन. त्यात त्या सगळ्या बायांचं घरी झालं असंन, अन् ती विधवा घरी मेली असंन. मले शहाणी माणसं सांगतात, आता कायले उकरून काढते, तुहं तर निभावलं ना. नाही निभावलं. बायांची नावं माह्या तोंडून कोणाले मिळणार नाहीत, त्या वकिलाच्या बहिणीचंही नाही अन् मावशीचंही नाही. मारून टाका, नाही मिळणार. डॉक्टरीणबाईचं मात्र कधीही विचारा. कोर्टात विचारा, बाजारात विचारा, तिच्या सोताच्या दारात उभं करून विचारा. मी जिती आहे तोवर मोठ्यानं सांगीन. जी बाई घरी मेली ती घरी मेली लिहा, अन् जी दवाखान्यात मेली ती दवाखान्यात मेली लिहा. हे लिहून होईपर्यंत मी चूप बसणार नाही.